पुताई, फरशी, प्लंबिंग करणाऱ्यांनी 90 दिवसांच्या कामाचा पुरावा कसा जमवावा

माझ्या धाकट्या भावाचे इंदूरमध्ये पुताईचे, म्हणजे भिंती रंगवण्याचे, काम आहे आणि त्याचा हिशेब मी ठेवतो. कर्मकार मंडळाच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या, पंजीयनासाठी (नोंदणीसाठी) आम्ही पहिल्यांदा कागद गोळा केले, तेव्हा वर्षभराची हजेरी एकाच संध्याकाळी, एकाच पेनाने वहीत उतरवून काढली होती. पडताळणीला बसलेल्या बाबूंनी पाने उलटली, मार्चमधल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "गेर वाले दिन पुताई?" रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघत असताना भिंतीला प्रायमर लावत बसणारा इंदूरकर मिळणे कठीण, हे त्यांना ठाऊक होते आणि खरे तर आम्हालाही. त्या वर्षी भावाचे काम 90 दिवसांहून कितीतरी अधिक झाले होते, पण खोट्या वाटणाऱ्या एका ओळीमुळे खऱ्या ओळीही संशयात आल्या.

मूळ अट साधी आहे. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार, वयाची 18 वर्षे पूर्ण केलेल्या आणि 60 पूर्ण न केलेल्या व्यक्तीने मागील 12 महिन्यांत निदान 90 दिवस बांधकामाशी संबंधित काम केलेले असले, तर तिची कल्याण मंडळाकडे लाभार्थी म्हणून नोंद होऊ शकत होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच अट कायम आहे. दुरुस्ती आणि देखभालीची कामेही यात येतात, त्यामुळे नव्या इमारतीवर पाऊल न ठेवता जुन्या घरांचीच पुताई करणाऱ्याने आपण यात बसत नाही असे समजू नये. सरासरी काढली तर महिन्याला साडेसात दिवस पडतात. मात्र 12 महिने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजले जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या कामाची पावती कितीही भरघोस असली तरी येथे उपयोगी पडत नाही. असंघटित कामगारांसाठी असलेल्या मध्य प्रदेशच्या संबल योजनेचे पंजीयन ही वेगळी बाब आहे; ते झाले म्हणजे हेही झाले, असा समज करून घेऊ नये.

वही रोजच्या रोज, काम संपवून हात धुतल्यावर लिहावी. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे: "14 नोव्हेंबर. सुदामा नगर, दोन मजली घर, वरचा मजला. सकाळी 9.30 ते 1, दुपारी 2 ते 6. मागच्या खोलीत पुट्टीचा दुसरा हात, जिन्याची भिंत घासली. सोबत एक हेल्पर. उचल 1,000 रोख." कायद्याची अट दिवसांची आहे, तासांची नव्हे, तरीही तास लिहावेत, कारण सकाळी दोन तास जाऊन फक्त नळाची तोटी बदलून आलेला दिवस आणि साडेसात तास पुट्टी ओढलेला दिवस एकाच मापाने मोजले, तर विचारणा झाल्यावर उत्तर देता येत नाही. अर्ध्या हजेरीचे दिवस आम्ही वेगळ्या खुणेने लिहितो, 90 च्या बेरजेत धरत नाही आणि पूर्ण दिवस 110 च्या आसपास झाल्यावरच अर्जाचा विचार करतो. काम नसलेले दिवसही लिहावेत. "पाऊस, बाहेरची भिंत ओली, काम बंद" अशा जुलैतल्या चार ओळी बाकीच्या पानांना जेवढे वजन देतात, तेवढे एखादा शिक्कासुद्धा देत नाही.

खरी अडचण ठेक्याच्या कामात येते. चौरस फुटाच्या दराने 1,200 फूट पुट्टीचे 8 रुपयांप्रमाणे 9,600 रुपये झाले, एवढेच पावतीवर असेल, तर त्यात दिवस कोठेच दिसत नाहीत. म्हणून मापाच्या खालीच "काम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, प्रत्यक्ष 6 दिवस" असे लिहून घरमालकाची सही घ्यावी. आपल्या हाताखाली चारपाच माणसे असतील, तर आपण स्वतः ब्रश धरला ते दिवस आणि केवळ देखरेख केली ते दिवस वेगळे दाखवावेत. व्यवस्थापनाचे काम करणाऱ्याला कायदा कामगारांत धरत नाही.

घरमालकाच्या प्रमाणपत्रात त्याचे नाव, पत्ता, फोन, कामाचे स्वरूप, तारखा आणि दिवसांची संख्या असावी. कोऱ्या कागदावर सही घेऊन मजकूर नंतर भरण्याची पद्धत सर्रास दिसते, ती टाळावी, कारण पडताळणीचा फोन गेला की मालक गडबडतो. सही मागण्याची उत्तम वेळ म्हणजे काम संपल्याचा दिवस, मालक नव्या भिंतीकडे कौतुकाने पाहत असताना. महिन्याभराने गेलात तर तो तारखा विसरलेला असतो.

पैसे यूपीआयने येत असतील, तर पाठवणाऱ्याला टीप लिहायला सांगावे, जसे "पुताई, 14 ते 19 नवंबर", आणि बँकेचे स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून ठेवावे. पैसे नंतर आले असतील, तर वहीत जमा झाल्याची तारीख वेगळी नोंदवावी. सियागंज बाजारातून आणलेल्या सामानाच्या पावत्यांवर कोणत्या घरासाठी काय आणले ते लिहावे. कामाचे फोटो मूळ स्वरूपात फोनमध्येच जपावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून जाते.

आपण मराठीत वही लिहिली तरी लिपी एकच असल्याने वाचणाऱ्याला फारसे अडत नाही, मात्र "गिलावा" किंवा "रंगकाम" यांऐवजी "प्लास्टर" आणि "पुताई" लिहिलेले बरे, आणि प्रमाणपत्र तर हिंदीतच असावे. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार आणि बँक खाते यांवरील नावाचे स्पेलिंग आधी जुळवून घ्यावे.

पंजीयन झाल्यावर वही बंद करू नये. वर्षाला 90 दिवस काम न झाल्यास लाभार्थीपण संपुष्टात येते. मात्र कामावरच्या अपघातातील दुखापतीमुळे घरी राहावे लागले, तर तो काळ हिशेबातून वगळण्याची तरतूद आहे. परांचीवरून पडून हात मोडला, तर दवाखान्याचा पहिला कागद, प्लास्टर काढल्याची तारीख आणि त्या दिवशी आपण कोणाच्या घरी काम करत होतो ती नोंद, हे तिन्ही त्याच वहीत टाचून ठेवावे.