माती आणि रंगातून फळीवर जास्वंद कशी उमलवावी

पहिल्या प्रयत्नाला साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंदच घ्या. एक ताजं फूल समोर ठेवा आणि नीट बघा: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली असते, दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली दडलेली. हा पीळ साधला नाही तर रंग कितीही सुरेख असोत, फूल जिवंत वाटत नाही.

माती : १ वाटी कॉर्नफ्लोर, १ वाटी फेविकॉल, १ चमचा लिंबाचा रस, १ चमचा बेबी ऑइल. स्वयंपाकातून बाद केलेल्या नॉनस्टिक कढईत मंद आचेवर सतत हलवा. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की लगेच उतरवा. जास्त शिजलेली माती पाकळी लाटतानाच चिरते. कोमट असताना तेलाच्या हाताने ५ मिनिटं मळा आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. चितार ओळीतल्या (नागपूरच्या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या) मूर्तींची माती जाड अंगाला शोभते. २ मिलिमीटरच्या पाकळीला ती नको, वाळली की ठिसूळ होते.

फळी : १२ बाय १२ इंचांची, ६ मिलिमीटर जाडीची एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी). प्राइमर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला तर फळी वाकते.

पाकळ्या : एका पाकळीला सुपारीएवढा गोळा. तो २ मिलिमीटर जाड लाटा, थेंबाच्या आकारात कापा, वरची कड बोटांनी चेपून आणखी पातळ आणि लाटेसारखी करा. टूथपिकच्या बोथट टोकाने देठाकडून पंख्यासारख्या शिरा ओढा. २० मिनिटांनी, पाकळी आकार धरेल पण वाकेल अशी झाली की फेविकॉलने फळीवर चिकटवा. पहिल्या पाकळीची एक कड मोकळी ठेवा, कारण पाचवी तिच्याखाली सरकवायची आहे. नवशिक्यांचं इथेच चुकतं. उभारासाठी खाली टिश्यूचे बोळे ठेवा.

मधला दांडा पाकळ्यांच्या बाहेर डोकावला पाहिजे. तारेवर माती चढवा, वरच्या अर्ध्या भागाला फेविकॉल लावून पिवळ्या रंगात कालवून वाळवलेला रवा चिकटवा, टोकाला पाच लाल ठिपके.

वाळवणं : नागपूरच्या मे महिन्यात घाई नडते. उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो, आणि भेग पडते. पहिले १२ तास वर भोकं पाडलेलं प्लॅस्टिक सैल पसरा, मग २-३ दिवस सावलीत ठेवा; पावसाळ्यात जास्त. पाकळी गालाला लावून बघा: गार लागली तर आत अजून ओल आहे. बारीक भेग त्याच मातीत थोडं फेविकॉल मिसळून बुजवा.

रंग : लाल ॲक्रिलिक पांढऱ्यावर फिकं बसतं, म्हणून आधी नारिंगी हात द्या, वाळल्यावर लालचे दोन पातळ हात. घशाशी गडद मरून, बाहेर येता येता विरत जाणारा. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर किंचित गुलाबी घेऊन शिरांच्या उंचवट्यांवरून फिरवा. दुसऱ्या दिवशी मॅट वार्निशचे दोन हात द्या; रव्यावर थोडं जास्तच, नाहीतर पावसाळ्यात त्याला किडे लागतात.