बार्सिलोनात एकट्याने उतरताना : तिकीट आणि पासपोर्ट

विमानतळावरून शहरात यायला मेट्रोची एल-९ सुद लाईन समोरच दिसते, पण तिला विमानतळाचं वेगळं, महाग तिकीट लागतं. त्यापेक्षा टी-२ टर्मिनलवरून सुटणारी आर-२ नॉर्द ही लोकल गाठा. टी-१ला उतरला असाल तर टी-२पर्यंत मोफत बस आहे. या लोकलला १० प्रवासांचं 'टी-काझुअल' कार्ड चालतं, तेच पुढे शहरातल्या मेट्रो-बसलाही. प्रत्येक प्रवासात सव्वा तासाच्या आत गाडी बदलली तर नवा प्रवास कापला जात नाही. कार्ड मात्र एकाच माणसाचं; हॉस्टेलमधल्या मित्रासोबत वाटून वापरू नका, तपासनीस दंड करतो.

खरी काळजी चोरीची. बार्सेलोनेता किनाऱ्यावर एकट्याने पोहायला जाताना पासपोर्ट आणि मुख्य कार्ड हॉस्टेलच्या लॉकरमध्येच ठेवा. कुलूप बहुधा आपलंच लागतं, म्हणून घरून न्या. सोबत फक्त पासपोर्टची झेरॉक्स, थोडे युरो, टॉवेल. मेट्रोत दार बंद होता होता खिशातला फोन जातो, कारण चोर उतरतो आणि तुम्ही आतच अडकता. सॅक पोटाशी धरा. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसात तक्रार. तिची प्रत वकिलातीत आणि विम्यालाही लागते.

आपला बारीक दोन पिनांचा मोबाइल चार्जर तिथे थेट बसतो. जाड तीन पिनांच्या लॅपटॉप प्लगला मात्र अडॅप्टर हवाच.