वसंताचे प्रिंट कसे पाहावेत: टेक्स्टाइल डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

वसंत-उन्हाळा हंगामाचे फॅशन शो सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या क्रमाने होतात आणि तिथे दिसलेले कपडे पुढच्या वर्षी दुकानांत येतात. प्रिंट डिझायनर होऊ इच्छिणाऱ्याने हे वेळापत्रक आधी समजून घ्यावे, कारण रॅम्पवर दिसणाऱ्या कापडाची नक्षी आणि रंग त्याच्याही कित्येक महिने आधी ठरलेले असतात. शो पाहून तेच फूल पुन्हा काढायला बसणारा विद्यार्थी म्हणूनच एक हंगाम मागे राहतो. प्रिंट स्टुडिओत काम करू लागल्यापासून मी शो पाहते ते कोणता मोटिफ (नक्षीतला मुख्य आकार) आला हे टिपण्यासाठी नव्हे, तर तो कापडावर कसा बसवला आहे हे समजून घेण्यासाठी.

‘फुलांचे पुनरागमन’ असे शीर्षक ट्रेंड अहवालांत दर काही हंगामांनी दिसते; फुले गेली कधी होती, हे मात्र कोणी सांगत नाही. खरा बदल होतो तो मोटिफच्या आकारात, ग्राउंडच्या (नक्षीमागच्या पार्श्वभूमीच्या) रंगात, मोकळ्या जागेत आणि मांडणीत. डॉल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन ब्रँडने २०१२ च्या वसंत संग्रहात वांगी, टोमॅटो आणि मिरच्या छापल्या, तेव्हा फुलांच्या जागी भाजी आली एवढेच अनेकांनी पाहिले. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या २०१० च्या वसंत-उन्हाळा संग्रहात याहून मूलभूत गोष्ट घडली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेची आठवण करून देणारे ते डिजिटल प्रिंट थानभर सारखे पसरलेले नव्हते. नक्षी त्या त्या पोशाखाच्या बेतानुसार रचलेली होती, त्यामुळे ती शरीराच्या मध्यरेषेवर आरशातल्यासारखी जुळत होती. अशा कामात डिझायनरला पॅटर्न कटिंगची (पोशाखाचे तुकडे आखून कापण्याची) जाण लागते, आणि चित्रकला उत्तम असलेले अनेक जण नेमके इथेच अडतात.

छपाईचे तंत्र नक्षीला कसे वळण देते, हे अभ्यासक्रमात लवकर शिकून घ्यावे. रोटरी स्क्रीनचा (नक्षी छापणाऱ्या फिरत्या जाळीदार नळकांड्याचा) परीघ बहुधा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून लांबीच्या दिशेने रिपीट (नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा भाग) ६४, ३२ किंवा १६ अशा मापांत बसवावा लागतो, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागत असल्याने एक रंग वाढला की खर्चही वाढतो. डिजिटल छपाईत हे बंधन जवळजवळ उरत नाही. मात्र मोठ्या ऑर्डरसाठी रोटरी बहुधा स्वस्त पडते. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह, रेशमाला अ‍ॅसिड आणि पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग वापरले जातात. एकच फाइल या तिन्हींवर वेगवेगळी उमटते, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरच्या रंगावर विसंबून कलरवे (नक्षीची रंगसंगती) ठरवू नये.

रिपीट तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. नक्षीचे किमान तीन-चार रिपीट छापून भिंतीवर लावावेत आणि दूर उभे राहून पाहावे. जवळून न दिसणारे मोकळे पट्टे किंवा एकाच गडद पानामुळे तयार झालेली तिरकी रांग तेव्हा लगेच नजरेत भरते. हाफ-ड्रॉप मांडणीने (शेजारच्या स्तंभातला रिपीट निम्म्या उंचीने खाली सरकवून) असे आडवे पट्टे मोडता येतात, पण तिरके पट्टे तयार होण्याचा धोका त्यात राहतोच. सगळी फुले एकाच दिशेने उभी केली, तर पॅटर्नचे तुकडे उलटसुलट ठेवून कापता येत नाहीत आणि कापड जास्त लागते; म्हणून खरेदीदार ही बाब बारकाईने पाहतात.

पोर्टफोलिओत वीस सुटी चित्रे ठेवण्यापेक्षा परस्परांशी जुळणाऱ्या पाच-सहा नक्षींचा एक संग्रह ठेवावा: एक मोठा मुख्य प्रिंट, त्यातूनच निघालेले मध्यम व बारीक प्रिंट, आणि सोबत एखादी रेघांची किंवा चौकड्यांची नक्षी. प्रत्येकाचा रिपीट, रंगसंख्या आणि अपेक्षित कापड लिहावे. प्रिंट स्टुडिओ अनेकदा नक्षी सर्व हक्कांसह विकतात, तेव्हा नोकरीत केलेले काम पुढे आपल्या पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मुलाखतीला हाताने केलेल्या रेखाटनांची वहीही न्यावी, आणि ती मुलाखतीसाठी नव्याने नीटनेटकी करू नये. खोडलेल्या आणि अर्धवट पानांवरून उमेदवार निर्णय कसे घेतो हे कळते, आणि माझ्यापुढे आलेल्या वह्यांत मी तीच पाने आधी उघडते.