आलेख कागदावर आकृती सरकवायची कशी?

टेबलावरचं पुस्तक न उचलता, न फिरवता नुसतं पुढे ढकललं, तर त्याचे चारही कोपरे एकाच दिशेने आणि अगदी सारखंच अंतर सरकतात. भूमितीत यालाच स्थानांतरण म्हणतात. कागदावर सरकवायचे असतात ते शिरोबिंदू. ते जागेवर पोचले की आकृतीही पोचते.

एक त्रिकोण घेऊ: अ(−४, १), ब(−१, १), क(−२, ५). तो ६ एकक उजवीकडे आणि ३ एकक खाली न्यायचा आहे.

पायरी १: नियम चिन्हांत लिहा. उजवीकडे आणि वर म्हणजे अधिक, डावीकडे आणि खाली म्हणजे उणे. आडवी हालचाल क्ष-निर्देशकात मिळवायची, उभी य-निर्देशकात. म्हणून आपला नियम (क्ष, य) → (क्ष + ६, य − ३). हे लिहून होईपर्यंत पेन्सिल आलेखाला लावूच नका, असं मी आग्रहाने सांगेन.

पायरी २: प्रत्येक शिरोबिंदूला तोच नियम लावा.

अ(−४, १) → अ′(२, −२)
ब(−१, १) → ब′(५, −२)
क(−२, ५) → क′(४, २)

चुका बहुतेक ऋण संख्यांपाशी होतात. −४ + ६ करताना गोंधळ उडाला तर संख्यारेषेवर −४ वर उभे राहा आणि सहा पावलं उजवीकडे टाका: −३, −२, −१, ०, १, २. शून्यावरही एक पाऊल पडतं, ते विसरू नका.

पायरी ३: नवे बिंदू मांडा आणि जुन्याच क्रमाने जोडा.

आलेखावर थेट मोजून सरकवत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ज्या बिंदूवर उभे आहात तो 'एक' म्हणून मोजू नका. मोजायची ती मधली घरं. नाहीतर आकृती एक घर अलीकडेच थांबते. दुसरी चूक अधिक खोल आहे. 'सहा उजवीकडे, तीन खाली' हे वाचून कित्येक जण आरंभबिंदूपासून मोजायला लागतात आणि (६, −३) या बिंदूवर जाऊन बसतात. बिंदूचे निर्देशक हा पत्ता असतो, स्थानांतरणाचा नियम हा प्रवास. प्रवास नेहमी त्या-त्या शिरोबिंदूपासून सुरू होतो.

पायरी ४: पडताळा घ्या. मूळ त्रिकोणाचा पाया ३, उंची ४, क्षेत्रफळ ६ चौरस एकक. प्रतिमेचंही, म्हणजे सरकवलेल्या त्रिकोणाचंही, तेवढंच यायला हवं. पण एवढ्यावर थांबू नका. क′ चुकून (३, २) वर मांडला तरी पाया आणि उंची बदलत नाहीत, क्षेत्रफळ ६ च राहतं आणि चूक लपून जाते! खरा पडताळा बाजूंचा. अ पासून क ला जायला २ उजवीकडे, ४ वर जावं लागतं. अ′ पासून क′ लाही नेमकं तेवढंच जावं लागलं पाहिजे. ब आणि क साठीही असंच पाहा.

वर्तुळाला शिरोबिंदू नसतात. तिथे फक्त केंद्र सरकवा, त्रिज्या तीच ठेवा.

कधी उलट प्रश्न येतो: आकृती आणि प्रतिमा दिलेली, नियम शोधा. एकच जोडी पुरते. (३, −२) ची प्रतिमा (−१, ५) असेल, तर नव्यातून जुनं वजा करा: −१ − ३ = −४ आणि ५ − (−२) = ७. म्हणजे ४ डावीकडे, ७ वर. परत यायचं असेल तर दोन्ही चिन्हं उलटी करा.

हे परत येणं लक्षात ठेवलं की पुढचं एक कोडंही सुटतं. य = क्ष² हा वक्र ३ एकक उजवीकडे नेला की समीकरण य = (क्ष − ३)² होतं. उजवीकडे नेऊनही उणे का? कारण नवा बिंदू वक्रावर आहे की नाही हे जुन्या समीकरणालाच विचारायचं असतं, आणि त्यासाठी तो आधी ३ घरं मागे न्यावा लागतो. वक्राचा शिरोबिंदू म्हणजे इथे त्याचा सर्वात खालचा बिंदू. जुना (०, ०) होता, नवा (३, ०) आहे. समीकरणात क्ष = ३ घालून पाहा, य शून्यच येतो.