फंक, सोल, जॅझचे रीइश्यू घेताय? या चुका टाळा

जुन्या फंक, सोल, जॅझच्या एलपी पुन्हा छापल्या जातायत, नवे जॅझवालेही एलपी काढतात आणि आपल्याकडे टर्नटेबल घेणारे वाढलेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण नवी मंडळी त्याच त्या चुका करतात, पैसे घालवतात आणि मग ‘एलपीत काही राम नाही’ म्हणत मशीन विकायला काढतात, ते बघवत नाही.

कव्हर बघून एलपी उचलणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एकाच अल्बमच्या दोन-तीन एलपी समोर असतात. कव्हर तेच, किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. नवा माणूस स्वस्तातली उचलतो. ती स्वस्त का, हे विचारायला त्याला वेळ नसतो.

कारण साधं आहे. १९६२ अखेरपर्यंत बाजारात आलेल्या रेकॉर्डिंगवरचे हक्क युरोपात संपलेले आहेत. त्यामुळे त्या काळातला जॅझ तिथे कुणीही कायदेशीरपणे छापू शकतं आणि त्यासाठी मूळ टेप हातात असावी लागत नाही. पुष्कळदा बाजारातली सीडीच घेऊन त्यावरून एलपी कापलेली, म्हणजे छपाईच्या मूळ तबकडीवर खोबण कोरलेली असते. म्हणजे पैसे एलपीचे आणि आवाज सीडीचा. पन्नाशीच्या दशकातला हार्ड बॉप (जॅझचा एक जोरकस प्रकार) घेताना हे सर्वात जास्त सांभाळा. मार्विन गे, कर्टिस मेफिल्ड यांचा सत्तरच्या दशकातला सोल या तारखेनंतरचा. तिथे धोका असतो तो सरळसरळ चोरट्या प्रतींचा.

मी कुठलीही एलपी घेण्याआधी दोनच गोष्टी बघतो: कशावरून कापली आणि कुणी कापली. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती बल्बखाली तिरकी धरा. तिथे बारीक खुणा दिसतील. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या प्रतींवर रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनी-इंजिनिअरचा ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा शिक्का असतो. ब्लू नोटच्याच, २०१९ मध्ये सुरू झालेल्या टोन पोएट या रीइश्यू मालिकेत केविन ग्रे हा इंजिनिअर मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापतो आणि त्याची आद्याक्षरं त्या पट्टीत सापडतात. त्याच कंपनीची क्लासिक व्हायनिल मालिका जरा स्वस्त. तिचं कव्हर साधं असतं आणि छपाई जर्मनीत होते, पण कापणारा हात तोच. पैसे मोजके असतील तर मी डोळे झाकून हीच मालिका सुचवतो.

‘१८० ग्रॅम’ या स्टिकरला भुलू नका. वजन तबकडीचं असतं, आवाजाचं नाही.

उरलेली बाजू न ऐकताच निदान करणं

ठाण्यातला एक मुलगा, कीबोर्ड छान वाजवतो, माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा नवा रीइश्यू काखेत मारून माझ्याकडे आला. ‘काका, नव्या प्रतीचा स्वर उतरलाय.’ घरात वडिलांच्या मामांची जुनी प्रत होती. दोन्ही त्याने एकाच मशीनवर लावल्या. जुनी चढी, नवी उतरलेली. जुनी म्हणजे अस्सल, असं धरून पठ्ठ्याने मशीनचा स्क्रू पिळला आणि नवी प्रत जुनीशी जुळेपर्यंत वेग वाढवला. मग घरातल्या बाकीच्या सगळ्या एलपी चढ्या वाजायला लागल्या. अरेथा फ्रँकलिन घाईत गाते आहे असं वाटायला लागलं. तेव्हा त्याने पट्टा बदलला. माझ्याकडे आला तेव्हा मोटर बदलायच्या बेतात होता.

वास्तविक चूक जुन्या प्रतीत होती. २ मार्च १९५९ ला कोलंबियाच्या न्यू यॉर्कमधल्या स्टुडिओत या अल्बमचं पहिलं सत्र झालं तेव्हा टेप मशीन किंचित हळू चाललं होतं. ती टेप बरोबर वेगाने वाजवली की स्वर चढतो. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या सत्रातली, म्हणून ती बाजू कित्येक वर्षं चढीच छापली गेली. १९९२ च्या रीइश्यूमध्ये ही चूक दुरुस्त झाली. दुसरी बाजू २२ एप्रिलला रेकॉर्ड झाली, ती पहिल्यापासून ठीक आहे.

म्हणजे त्या मुलाने एलपी नुसती उलटून लावली असती, तरी दोन्ही प्रती जुळलेल्या दिसल्या असत्या! मी विचारलं, ‘दुसरी बाजू ऐकलीस का?’ तर म्हणे, ‘अजून नाही.’ याचाच मला राग येतो. स्क्रू पिळायला, पट्टा मागवायला वेळ आहे आणि वीस-बावीस मिनिटं बसून संगीत ऐकायला नाही.

वेग कानाने जुळवू नका, स्ट्रोब डिस्क वापरा. ही रेघांची वर्तुळं छापलेली चकती, फिरताना वर्तुळ स्थिर दिसलं की वेग बरोबर. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा ३३ च्या वेगासाठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. २१६ रेघांचं वर्तुळ अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी असतं, ते बघून जुळवाल तर वेग साफ चुकेल. उजेड निऑनचा किंवा जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा घ्या. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नीट दिसत नाहीत. आणि मशीन आधी पाच-दहा मिनिटं फिरू द्या.

सुई उडते म्हणून नाणं ठेवणं

फंकमध्ये बेस आणि ड्रम जोरकस कापलेले असतात, खोबण जास्त हलते आणि सेटिंग चुकलेलं असेल तर सुई उडते. यावर लोक हेडशेलवर, म्हणजे दांड्याच्या टोकाला सुई बसते त्या भागावर, रुपया ठेवतात. ऑर्टोफोन टूएम रेड या सुईच्या कार्ट्रिजला १.८ ग्रॅम भार लागतो, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. नाण्याचं वजन त्याहून जास्त. म्हणजे भार दुपटीच्याही वर जातो आणि एलपी कायमची खराब होते. सुईच्या भाराचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. आधी सुई साफ करा, मशीन समपातळीत आहे का बघा, मग भार आणि अँटी-स्केट (दांडा आत ओढला जाऊ नये म्हणूनचं सेटिंग). मी याच क्रमाने जातो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच काम होतं.

आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतोय? सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप नाहीये. फाटतोय? टर्नटेबलमधला आणि अँपमधला, दोन्ही चालू आहेत.

नव्या जॅझबद्दल एक हट्ट सोडा. मकाया मॅक्रेव्हनसारखा ड्रमर मैफलीतलं वादन रेकॉर्ड करून, कापून-जोडून अल्बम बांधतो. तिथे ‘पूर्ण अ‍ॅनालॉग आहे का’ हा प्रश्नच गैरलागू. सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचा ‘द एपिक’ जवळपास तीन तासांचा, तीन एलपींच्या सहा बाजूंवर बसवलेला. बाजू इतकी लांब झाली की आवाज कमी पातळीवर कापावा लागतो. व्हॉल्यूम वाढवा, प्रत परत करू नका. थेट मूळ टेपवरून कापतात असा समज असलेल्या मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीच्या बऱ्याच एलपींमध्ये मधला टप्पा डिजिटल असल्याचं २०२२ मध्ये बाहेर आलं, तेव्हा कालपर्यंत त्याच एलपींच्या आवाजाची तारीफ करणारे रातोरात फिरले. कंपनीने ते सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण आवाज तर तोच होता.

जेम्स ब्राउनच्या सिंगलमागे (एकाच गाण्याच्या छोट्या तबकडीमागे) धावण्याआधी ऐका: ‘फंकी ड्रमर’ १९७० च्या सिंगलवर दोन बाजूंत तोडलेलं आहे. सलग हवं असेल तर १९८६ चा ‘इन द जंगल ग्रूव्ह’ हा संग्रह घ्या.

नवी एलपीसुद्धा धुऊन मगच लावा. कारखान्यातली कागदाची भुकटी खोबणीत असते.

शेवटचं, खास आपल्या हवेसाठी. पीव्हीसीची जाड, चकचकीत बाहेरची पाकिटं वापरू नका. उकाड्यात ती कव्हरला चिकटतात आणि कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पडतात. पॉलिप्रॉपिलीनची घ्या. एलपी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा कपाट उघडून पंखा लावा. कव्हरवर बुरशीचा ठिपका दिसला तर ती एलपी लगेच वेगळी काढा, शेजारच्या चार एलपी वाचतील.