दोन मॉनिटर जोडताना या चुका टाळा

दुसरा मॉनिटर जोडायला फार तर पंधरा मिनिटं लागतात, पण घाई केली की त्याच कामात दोन दिवस जातात. मी बरीच वर्षं लोकांना हे करून देतोय. जो तो त्याच जागी अडकतो, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

केबल मदरबोर्डला लावणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. माझ्या मावसबहिणीचं अकाउंट्सचं काम. एका स्क्रीनवर बिलं, दुसऱ्यावर लेजर हवं म्हणून तिने नवा मॉनिटर घेतला. जोडला, तर "नो सिग्नल". केबल बदलली, तेच. कोणीतरी सांगितलं म्हणून विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. मॉनिटर परत करून दुसरा मागवला, त्यावरही तेच. मग मला फोन. "दादा, हाही खराबच निघाला."

मी गेलो आणि कीबोर्डला हातही न लावता टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या मागे वाकलो. जुन्या मॉनिटरची केबल खाली, ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे स्क्रीनसाठी चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाच्या, आडव्या पट्टीत होती. नव्याची केबल वर, यूएसबी आणि हेडफोनच्या पिनांशेजारी, म्हणजे मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्या) एचडीएमआयमध्ये. तिने तिथे लावली कारण कार्डावर एचडीएमआयचं एकच पोर्ट होतं आणि ते आधीच भरलेलं. बाकीची तीन डिस्प्लेपोर्टची. त्यांच्यावर कारखान्यातून आलेली काळी रबरी टोपणं तशीच होती, वर धुळीचा थर.

तिच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" होता. इंटेलच्या अशा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, नसतंच. त्यामुळे मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमधून चित्र बाहेर येणंच शक्य नव्हतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या "जी" नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरचंही असंच. आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असलं, तरी कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी मॉनिटर किंवा तशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो.

मी विचारलं, "खोका आहे का अजून?" खोका माळ्यावर होता आणि त्यात डिस्प्लेपोर्टची केबल, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली. टोपण काढलं, केबल लावली, मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदललं आणि चित्र आलं. तिचे चार दिवस गेले होते, तेही रिटर्न भरायच्या आठवड्यात. आजही आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी कॅबिनेटच्या मागे बघायचं. दोन्ही केबली कार्डातच आहेत याची खात्री झाल्याशिवाय मी एकही सेटिंग उघडत नाही. "विंडोज नव्याने टाका" हा सल्ला तर मला मुळीच पटत नाही. चुकीच्या पोर्टात असलेल्या केबलला विंडोज काय करणार?

केबलची दिशा न बघणं

एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल एकाच दिशेने चालते. डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरला, एचडीएमआयचं मॉनिटरला. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. उलट दिशेनेच हवं असेल, तर त्यासाठी वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. मी शक्यतो या भानगडीत पडत नाही. दोन्हीकडे सारखंच टोक असलेली केबल घेतो.

स्प्लिटर घेणं

एचडीएमआय स्प्लिटर एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो. डेस्कटॉप वाढवून देत नाही. पैसे वाया घालवू नका.

मांडणी तशीच सोडून देणं

चित्र आलं की लोक कामाला लागतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आधी विंडोजचं बटण आणि पी दाबून "एक्स्टेंड" निवडलंय ना, ते बघा. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. "आयडेंटिफाय" दाबलं की तेच आकडे खऱ्या मॉनिटरवर उमटतात. टेबलावर जो डावीकडे आहे, त्याचा चौकोन माउसने ओढून डावीकडे ठेवा आणि "अप्लाय" करा.

एका ऑफिसात डावा-उजवा उलटा ठेवून सहा महिने काम करणारा माणूस मी पाहिलाय. डावीकडच्या स्क्रीनवर जायला तो माउस उजवीकडे ढकलायचा आणि म्हणायचा, "सवय झाली." अशी सवय कशाला लावून घ्यायची? अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

चौकोनांची उंचीही जुळवा. एका मॉनिटरचं रिझोल्यूशन १०८० आणि दुसऱ्याचं १४४० असेल, तर चौकोन लहान-मोठे दिसतात आणि कर्सर मधल्या कडेवर अडतो. मी दोन्हींच्या मधोमध कर्सर हळूहळू वरखाली नेत कुठे अडतो ते बघतो आणि चौकोन थोडा थोडा सरकवतो. दोन-तीन वेळा करावं लागतं, पण नंतर रोजचा त्रास वाचतो.

बाकीच्या छोट्या गोष्टी

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊन ६० वर चालवणारे खूप आहेत. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा स्वतः बदला. फोरके, म्हणजे ३८४० x २१६० च्या मॉनिटरवर माउस ओढल्यासारखा वाटला तर तिथेच ३० हर्ट्झ दिसतंय का बघा. एचडीएमआय १.४ फोरकेला तेवढंच देतं, ६० साठी २.० लागतं.

अक्षरं बारीक दिसली तर रिझोल्यूशन कमी करू नका, सगळं धूसर होतं. डिस्प्ले सेटिंग्जमधलं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हांचा आकार, वाढवा. ते प्रत्येक मॉनिटरला वेगळं ठेवता येतं.

डिस्प्लेपोर्टची केबल हिसकू नका. तिच्या डोक्यावर बहुतेक वेळा खटका असतो, तो दाबून ओढा.

आणि दुसरा मॉनिटर नुसत्या बटणाने बंद केला, तरी विंडोजला तो बऱ्याचदा जोडलेलाच दिसतो. मग एखादी खिडकी तिकडेच उघडते आणि प्रोग्राम चालूच होत नाही असं वाटतं. टास्कबारवर त्या प्रोग्रामवर क्लिक करा आणि विंडोज, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबा. खिडकी समोरच्या स्क्रीनवर येते.