साठ मुलांच्या वर्गात कोणाला समजलं, कोणाला नाही?
'समजलं का?' विचारलं की अख्खा वर्ग 'होऽऽ' म्हणतो. त्या होकाराला काही अर्थ नसतो. हात वर करणारी पाच-सहा मुलं नेहमीची. बाकीची त्यांच्या आड निवांत लपतात. त्यामुळे उत्तर सगळ्यांकडून एकाच वेळी घ्या: प्रत्येकाने पाटीवर लिहायचं आणि 'दाखवा' म्हटलं की पाटी वर धरायची.

पाट्या नसतील तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा कागद सरकवा, मागे जुन्या वहीचा पुठ्ठा घाला. त्यावर व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहिता येतं, चिंधीने पुसता येतं. पेनं कमी असली तर दोघांत एक पाटी द्या. तेवढंही जमत नसेल तर फळ्यावर तीन पर्याय लिहून बोटं दाखवायला सांगा, पण बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाहीत.

खरी मेहनत प्रश्न निवडण्यात आहे. '०.५ मोठा की ०.३५?' हा चांगला प्रश्न, कारण ३५ हा ५ पेक्षा मोठा म्हणून बरीच मुलं ०.३५ लिहितात आणि घोळ नेमका कुठे आहे ते लगेच दिसतं. चुकीचे पर्यायही असेच, मुलं खरोखर करतात त्या चुकांमधून काढा.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मग 'दाखवा' म्हणा. निम्म्या पाट्या चुकल्या असतील तर पुढचा धडा उद्या घ्या, पोर्शन कितीही मागे असला तरी.